केगचं पातेलं: आमच्याकडच्या वेल्डिंगवाल्याचं काम

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये कलामझूजवळ बाप-लेकाचं एक छोटं वेल्डिंगचं दुकान आहे. स्टीलचा जुना केग, म्हणजे बिअरचं पिंप, नेऊन दिला की वरून कापून, तोटी बसवून घरच्या बिअरसाठी उकळायचं भांडं करून देतात. काम पक्कं, शेवटचा हात मात्र फिरवत नाहीत.

केग खाली उतरवला तसा म्हाताऱ्याने आधी कागद मागितला. इथे भरलेला केग घेताना अनामत भरावी लागते, पण तेवढ्याने तो आपला होत नाही, मालकी ब्रुअरीचीच, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्याची. माझा केग पोचे पडले म्हणून ब्रुअरीनेच विकलेला, पावती होती. ती बघितल्यावरच त्यांनी केगला हात लावला. मग व्हॉल्व्ह दाबून आतला गॅस पूर्ण सोडला आणि त्यानंतरच व्हॉल्व्ह धरून ठेवणारी वरची रिंग काढली. घरी ग्राइंडर घेऊन बसणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवा: आत दाब असताना रिंग निघाली तर मधली नळी सरळ तोंडावर येते.

खरी करामत तोटीच्या जोडात. बिनवेल्डिंगची, सिलिकॉनच्या रिंगा घालून आवळायची तोटी स्वस्त पडते, पण त्या फटीत साखर अडकते आणि दर वेळी सगळं खोलून धुवावं लागतं. यांनी अर्ध्या इंचाचा कपलर (तोटी बसवायचा आट्यांचा तुकडा) टिग वेल्डिंगने, म्हणजे बारीक, नाजूक कामाच्या वेल्डिंगने जोडला, तोही आतून आर्गॉन वायू सोडून. आर्गॉन नसेल तर टाक्याची आतली बाजू जळून काळी, खरबरीत होते आणि घाण धरते. माझ्या केगमध्ये बोट फिरवलं तर टाका लागतही नाही.

माप म्हणाल तर हा अर्ध्या बॅरलचा केग, 15.5 गॅलन, म्हणजे 58 लिटरच्या वर. 10 गॅलन बिअरसाठी साधारण 13 गॅलन वर्ट (बिअर व्हायच्या आधीचं माल्टचं गोड पाणी) घेऊन सुरुवात करतो. उकळी फुटताना फेस गुऱ्हाळातल्या काहिलीसारखा वर येतो (मी करवीर तालुक्यातला, काहिलीपाशी वाढलेला), पण वर नऊ-दहा लिटर जागा राहते, उतू जात नाही. भरलेलं भांडं साठ किलोच्या पुढे, ते उचलायचा विचारच नको. म्हणून तोटी हवीच, आणि तळ खोलगट असल्याने आत खाली वळलेली नळीही हवी.

तक्रारी दोन. 12 इंचाच्या तोंडाची कड न घासताच दिली, हात कापेल अशी. मी घरी पॉलिश पेपरने घासली. आणि तोटी जरा खाली बसवल्याने बर्नरची आच तिच्या दांड्याला लागते, फडक्याशिवाय धरता येत नाही. वरचा खांदा आत वळलेला असल्याने हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) गाळ तिथे बसतो आणि भांडं पालथं केलं तरी सगळं पाणी निघत नाही, पण तो दोष केगचाच.

पैशाचं खरं सांगायचं तर पूर्वीसारखी मोठी बचत आता राहिली नाही. पातळ पत्र्याची तयार भांडी जवळपास याच खर्चात मिळतात. पण केगचा पत्रा जाड, कड्या जन्मजात मजबूत, आणि बेल्स ब्रुअरीच्या लॅरी बेल यांनी 1985 मध्ये 15 गॅलनच्या सूपच्या पातेल्यावर ब्रुअरी सुरू केली त्या कलामझूत अशा भांड्याला कोण नावं ठेवणार?

इथल्या 1978 च्या कायद्याने घरात दोन प्रौढ असले की वर्षाला 200 गॅलनपर्यंत घरची बिअर करता येते. बायको घोटही घेत नाही, पण तिच्या वाटचे 100 गॅलन मी धरतो. म्हणून दुसरा केग गरम पाण्यासाठी त्यांच्याकडेच टाकलाय. या वेळी तोटीची उंची आणि ‘कड घासून देणे’ हे पावतीवरच लिहून घेतलंय.