ट्रॅकची पहिली गाडी: पैसे आधी टायरवर घालायचे की सस्पेन्शनवर?

इंदूरहून स्वतःची स्विफ्ट चालवत ग्रेटर नोएडाला जायचं, तिथल्या बुद्ध सर्किट या शर्यतीच्या ट्रॅकवर दिवसभर तिला पिळायचं आणि त्याच गाडीत घरी परतायचं, असा बेत असणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. शिवपुरी-ग्वाल्हेर-आग्र्यावरून पुढे यमुना एक्स्प्रेसवे धरला तर एका बाजूचं अंतर आठशे किलोमीटरच्या आसपास भरतं. निवड करताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा, कारण ट्रॅकवर जेवढे किलोमीटर होतील त्याच्या कितीतरी पट रस्त्यावर होणार आहेत.

पिथमपूरचं नाट्रॅक्स हाताशी असताना इतक्या लांब कशाला, असं घरचे विचारतातच. नाट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक नावाजलेला आहे, पण ती गाड्यांच्या चाचण्यांची जागा आहे. मनात आलं आणि गेलो, असं तिथे चालत नाही. शिवाय तो लांबट गोल ट्रॅक वेगासाठी बांधलाय, आणि नवशिक्याला शिकायची असतात वळणं.

आपल्याकडच्या पोरांचा पहिला खर्च बहुतेक वेळा लोअरिंग स्प्रिंगवर होतो. कारण उघड आहे. गाडी खाली बसली की इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीबाहेर माना वळतात, टायर बदलले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. माझं मत नेमकं उलटं आहे: पहिल्या वर्षी पैसे टायरवर घाला आणि सस्पेन्शन कंपनीचंच ठेवा, फक्त ते ठणठणीत करून घ्या. का, ते सांगतो.

आधी टायर

आपल्यासमोर साधारण तीन पर्याय असतात. पहिला, गाडीबरोबर आलेले किंवा त्याच जातीचे जास्त चालणारे, मायलेजवाले टायर. दुसरा, रस्त्यासाठीच बनवलेले पण पकडीकडे झुकलेले टायर. तिसरा, ट्रॅककडे तोंड असलेले मऊ रबराचे टायर, योकोहामाच्या अ‍ॅडव्हान निओव्हासारखे.

मायलेजवाल्या टायरचं रबर कडक असतं. दोन-तीन लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, जोरात मारल्या की ते तापून घसरायला लागतं आणि मग सेशन (ट्रॅकवरची आपली पाळी) संपेपर्यंत तुम्ही स्टिअरिंग फिरवता, गाडी मात्र सरळच जात राहते. गाडीचा पहिलाच ट्रॅक डे, म्हणजे ट्रॅकवर चालवायचा दिवस, असेल आणि टायर अजून चांगले असतील, तर यांच्यावर जायला काही हरकत नाही. फक्त साइडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरचा, चार अंकी तारखेचा शिक्का बघा. २३२१ असेल तर टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांचं रबर टणक झालेलं असतं. असा टायर ट्रॅकवर नेऊ नये.

तिसरा पर्याय ऐकायला सगळ्यात भारी वाटतो, पण तो मिळवतानाच दमछाक होते. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधाच्या यादीत टाकली. आयएसआय खुणेची अट तर त्याआधीपासूनच आहे. त्यामुळे बाहेर सहज मिळणारे ट्रॅकचे टायर आपल्याकडे १५ इंची लहान मापात मिळणं नशिबाचा भाग आहे. मिळाले तरी ते एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्ता) आणि पुढे आठशे किलोमीटर घासत न्यायचे आणि तसेच परत आणायचे, म्हणजे रबराचा मोठा हिस्सा टोलनाक्यांच्या मधेच संपला. हिवाळ्याच्या सकाळी थंड असताना त्यांची पकड बेताचीच असते, गरम झाल्यावरच ते खुलतात. नवशिक्याच्या दृष्टीने आणखी एक तोटा आहे. साधा टायर सुटण्याच्या खूप आधी ओरडायला लागतो. मऊ टायर तुमची चूक बराच वेळ पोटात घालतो आणि सोडतो तेव्हा एकदम सोडतो. शिकायचंय तर ओरडणारा टायर बरा.

म्हणून कौल दुसऱ्या पर्यायाला. दुकानात नाव विचारण्याआधी नक्षी बघा. बाहेरच्या खांद्यावर मोठे, सलग ठोकळे, मधे अखंड पट्टी आणि बारीक चिरा कमी, असा टायर वळणात कमी लवतो. साइडवॉलवर ट्रेडवेअरचा (झिजेचा) आकडा असेल तर तोही वाचा, पण जपून. १०० म्हणजे चाचणीसाठी ठरवलेल्या टायरइतका टिकाऊपणा, त्यावरून बाकीचे आकडे. हा आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना त्यावरून करावी. एका कंपनीचा ३०० आणि दुसरीचा ३४० यांत काहीच सिद्ध होत नाही.

मापाचं गणित घरीच करून जा. स्विफ्टच्या १८५/६५ आर १५ टायरचा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर येतो. १९५/६० आर १५ घेतला तर ६१५, म्हणजे एका टक्क्याचा फरक. स्पीडोमीटर जवळपास तसाच राहतो, टायर थोडा रुंद मिळतो आणि साइडवॉल थोडी बुटकी. पण त्याला किमान साडेपाच इंच रुंदीची रिम लागते, म्हणून रिमच्या आतल्या बाजूला ठोकलेला आकडा आधी वाचा. १९५/५५ आर १६ चा व्यासही जुळतो, ६२१ च्या घरातच येतो. मात्र १६ इंची रिम आल्या की खर्च वाढला, शिवाय रिम जड निघाली तर उलट नुकसान. १९५/६० वर मी खूश आहे. १७ इंचाच्या नादी लागू नका.

नवे कोरे टायर ट्रॅकच्या आदल्या आठवड्यात टाकू नयेत, हे फारसं कोणी सांगत नाही. नव्या टायरची नक्षी साताठ मिलिमीटर खोल असते. कोरड्या ट्रॅकवर ते उंच ठोकळे डोलतात, आतून तापतात आणि कडा तुटून निघतात. चार-पाच मिलिमीटर उरलेला तोच टायर ट्रॅकवर जास्त चांगला वागतो. म्हणजे टायर पावसाळ्यानंतर घ्या, दोन-तीन महिने शहरात फिरवा आणि हिवाळ्याच्या शेवटाला ट्रॅकवर न्या. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटरची आहे, पण परतीच्या वाटेवर गुण्याजवळ अवकाळी पाऊस लागला तर दोन मिलिमीटरच्या टायरवर गाडी पाण्यावर तरंगते.

हवेवर लक्ष ठेवाल तर फुकटात पकड वाढते. तापमान साडेपाच अंशांनी चढलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने वाढते. सकाळी थंड असताना ३० भरली, तर जोरदार सेशननंतर ती ३७-३८ सहज दाखवते. मग टायर फुगून मधेच टेकतो. सेशन संपल्याबरोबर मोजा आणि गरम असतानाच ३४ ते ३६ वर आणा. तेवढं बरोबर की कमी, हे टायरच सांगतो: खांद्यापासून साइडवॉलपर्यंत खडूची रेघ ओढून ट्रॅकवर जा. रेघ साइडवॉलच्या खालपर्यंत पुसली गेली तर हवा कमी आहे, खांद्याच्या आतच थांबली तर जास्त. आणि संध्याकाळी निघण्याआधी हवा पुन्हा भरा. गरम असताना काढलेली हवा थंड झाल्यावर २७-२८ वर येते, आणि तेवढ्यावर सामान भरलेली गाडी यमुना एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवर तासन् तास पळवणं म्हणजे टायर फोडून घ्यायची तयारी.

आता सस्पेन्शन

इथे पर्याय चार: कंपनीचंच सस्पेन्शन नवं करून घेणं, कंपनीच्या शॉकअपवर लोअरिंग स्प्रिंग टाकणं, स्प्रिंग आणि शॉकअप जुळवून बनवलेला संच घेणं, किंवा उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर बसवणं.

खरी लढत पहिल्या दोनांत आहे, कारण दोन्ही खिशाला परवडतात. लोअरिंग स्प्रिंग कंपनीच्या स्प्रिंगपेक्षा कडक आणि बुटकी असते. पण तिला आवरायला शॉकअप तोच जुना. स्प्रिंग कडक झाली की परत उसळण्याची ताकद वाढते आणि ती थोपवण्याचा जोर शॉकअपमध्ये नसतो. कर्बवरून (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून) गेल्यावर गाडी एकदा नव्हे, दोनदा हलते. दुसरी गोष्ट, गाडी ३५-४० मिलिमीटर खाली आली की शॉकअपच्या दांड्याला दबायला जागाच उरत नाही. वळणात बाहेरचं चाक बंप स्टॉपच्या रबरावर जाऊन टेकतं, तिथे सस्पेन्शन एकदम टणक होतं आणि पुढचं टोक बाहेर धावतं. चालकाला वाटतं टायर खराब आहेत.

तिसरी अडचण दिसत नाही, पण सगळ्यात जास्त बाधते. स्विफ्ट, पोलो, दोन्हींच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब. कंपनीच्या उंचीवर लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) जवळपास आडवा किंवा बाहेरच्या टोकाला किंचित उतरता असतो. गाडी फार खाली आणली की त्याचं बाहेरचं टोक वर जातं. मग गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू वजनाच्या मध्यापेक्षा जास्त वेगाने खाली सरकतो, आणि कलायला लावणारा जोर उलट वाढतो. गाडी खाली आणली कशासाठी? कमी कलावी म्हणून! शिवाय कलताना मॅकफर्सनचं बाहेरचं चाक कॅम्बर (चाकाच्या डोक्याचा आतला झुकाव) गमावतं आणि टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो. ट्रॅकवरून परत आलेल्या कुठल्याही स्विफ्टच्या पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा बघा, खाल्लेला असतो.

यावरचा स्वस्त उपाय म्हणजे कॅम्बर बोल्ट. स्विफ्टचा स्ट्रट नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टनी जोडलेला असतो. त्यातला एक बदलून चाकाचं डोकं साधारण एक ते दीड अंश आत झुकवता येतं. पोलोवाल्यांना हे जमत नाही, त्यांच्यात स्ट्रट नकलमध्ये खोचून क्लॅम्पने आवळलेला असतो. पोलो असेल तर वरच्या कॅम्बर प्लेटचा विचार करावा लागतो, नाहीतर खांदे झिजणार हे धरून चालायचं. अलाइनमेंट करताना पुढचा टो (वरून पाहताना चाकांचं तोंड आत की बाहेर) शून्य ठेवायला सांगा. टो बाहेर ठेवला की गाडी वळणात चटकन शिरते हे खरं, पण आठशे किलोमीटरच्या हायवेवर ती भटकते आणि आतल्या कडा घासते.

पहिल्या पर्यायात नेमकं काय करायचं? पन्नास-साठ हजार किलोमीटर चाललेली गाडी असेल तर चारी शॉकअप, पुढचे स्ट्रट माउंट, लोअर आर्मचे बुश आणि मागच्या टॉर्शन बीमचे बुश नवे. बंप स्टॉप तपासायचे, ते बहुतेक वेळा भुगा झालेले असतात. एवढं झालं की गाडी नवी असताना होती तशी होते. नऊशे किलोच्या आसपास वजनाच्या गाडीसाठी आणि पहिल्याच हंगामातल्या चालकासाठी ते पुरेसं आहे. कॉलनीतले स्पीड ब्रेकरही पोट न घासता पार होतात, आणि इंदूरमध्ये ही छोटी गोष्ट नाही.

जुळवलेला संच, म्हणजे बिलस्टीन किंवा कोनीचे शॉकअप त्यांना शोभणाऱ्या स्प्रिंगसह, ही चांगली चीज आहे. पंचवीस-तीस मिलिमीटरपेक्षा खाली आणत नाही असा संच निवडला तर वरच्या बहुतेक अडचणी टळतात. दुसऱ्या वर्षी घ्या. कॉइलओव्हर लाखाच्या आसपास किंवा पुढे जातात. त्यांचं सगळं सुख बदल करून बघण्यात आहे: उंची, डॅम्पिंग, कधी कॅम्बर. दोन लॅपच्या वेळा अजून एका सेकंदाच्या आत येत नसतील, तर कोणत्या बदलाने काय झालं हे कळणारच नाही. स्वस्तातले कॉइलओव्हर मात्र तिसऱ्या वर्षीही नकोत, त्यापेक्षा कंपनीचा शॉकअप हजार वेळा बरा.

मागचा अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारी सळई) कोणी सुचवेल. त्याने पुढचं टोक बाहेर जाणं कमी होतं, पण वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मागचं टोक फिरतं. नवशिक्या नेमका पाय उचलतोच. थांबा.

या सगळ्याआधी थोडे पैसे ब्रेकवर काढून ठेवा. जुनं, ओलावा धरलेलं डॉट ३ ब्रेक ऑइल १४० अंशांच्या आसपासच उकळू शकतं. बुद्धवर तिसऱ्या वळणानंतर सुमारे किलोमीटरभर सरळ पट्टा आहे आणि त्याच्या टोकाला जोराचं ब्रेकिंग. तिथे पेडल खाली गेलं तर टायर आणि सस्पेन्शनची चर्चा तिथेच संपते. ताजं डॉट ४ भरा. विमा कंपनीचा कागदही वाचा, शर्यत आणि वेगाच्या चाचणीतलं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत धरत नाहीत. लोअरिंगबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात असू द्या. मूळ नमुन्यापासून गाडी बदलण्यावर त्यात बंधनं आहेत.

गाडी ट्रेलरवर नेणार असाल किंवा ती फक्त ट्रॅकसाठीच ठेवली असेल, तर क्रम बदलतो: जुळवलेला संच पहिल्याच वर्षी, कॅम्बर दोन-अडीच अंशांपर्यंत, आणि मिळतील ते मऊ टायर. मधला मार्गही आहे. ट्रॅकचे टायर दुसऱ्या चार रिमांवर चढवायचे, मागची सीट पाडून ती चाकं गाडीत न्यायची आणि पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत) बदलायची. स्विफ्टमध्ये चार चाकं, जॅक आणि एक मित्र एवढं मावतं, मित्राची बॅग नाही. चाकं बदलल्यावर नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा, आणि पहिलं सेशन झाल्यावर चाक थंड होऊ देऊन पुन्हा एकदा तपासा.