साकव रखडला: आमदार, न्यायालय की माहिती अधिकाराचा अर्ज?

मंजूर झालेलं गावाचं काम अडलं की तीन वाटा दिसतात. आमदारांमार्फत विधानसभा, वकिलांमार्फत उच्च न्यायालय, नाहीतर थेट कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज. आमच्या ओढ्यावरच्या साकवासाठी, म्हणजे छोट्या पुलासाठी, मी दोन वाटा चाललो आणि तिसरीच्या तोंडावरून परतलो. तुमचं प्रकरण वेगळं असेल तर हिशेबही वेगळा होईल.

विधानसभा आधी, कारण पैसा तिथूनच मंजूर होतो. तरतूदच नसेल तर अर्ज करून काही हाती लागणार नाही, तिथे आमदारच हवेत. शिवाय मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला, तर तो पाळला का हे बघायला आश्वासन समिती असते. आमचा प्रश्न तारांकित म्हणून, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा म्हणून गेला. छापील उत्तर आलं: 'हे अंशतः खरे आहे.' विलंबाची कारणे काय? 'प्रश्न उद्भवत नाही.' पावसात पोरांना खांद्यावर घेऊन ओढा ओलांडणाऱ्याला हे वाक्य फार लागतं. पण मी अडलो तो त्याच्या पुढे. उपप्रश्न विचारायचा हक्क सदस्याचा. त्यातलं खरं किती आणि खोटं किती, हे मला विचारता येईना. आमदार विचारणार, तोवर पावसाळी अधिवेशन संपलं. पुढचं डिसेंबरात, नागपूरला. त्यांनी मनापासून मदत केली, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण आपलं गाऱ्हाणं दुसऱ्याच्या तोंडून मांडायचं म्हणजे पाठपुरावाही त्याच्या सवडीने. ते मला सोसवेना.

न्यायालयाची ताकद दुसऱ्या कुणाकडे नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली परमादेश, म्हणजे 'तुमचं काम करा' असा हुकूम, निघाला की खात्याला हलावंच लागतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसू लागल्यापासून आम्हा सिंधुदुर्गवाल्यांची मुंबईची खेपही वाचते. पण वकिलांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "कार्यालयाकडे लेखी काय मागितलंत? उत्तर काय आलं?" माझ्याकडे तो 'अंशतः'वाला कागद तेवढा होता. जिवाचा किंवा राहत्या घराचा प्रश्न असेल, तर मात्र थांबू नका, तिथेच जा.

राहिला अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, साधारण १५० शब्द, ही आपल्या राज्याच्या नियमांची मर्यादा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर अपील माझं, माझ्या सहीचं. 'काम का रखडलं' असं मी विचारलं नाही. कारण विचारलं की 'अभिलेखात उपलब्ध नाही' असं लिहायला त्यांना वाव मिळतो. मी साकवाच्या नस्तीची, म्हणजे कार्यालयातल्या फाइलची, पाहणी मागितली. मुदतीत उत्तर आलं नाही, पहिल्या अपिलात पाहणी मिळाली. टिपणीत एका ओळीत सगळं होतं: पलीकडच्या काठावरच्या जागामालकाचं संमतीपत्र नाही. जागामालक आमच्याच वाडीतला, मुंबईला चाकरमानी. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. गणपतीला आला तेव्हा सही करून गेला.

माहिती मिळाली म्हणजे काम झालं असं नाही, आणि दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे गेलं तर वाट लांबते. तरी सुरुवात कुठून करू असं विचाराल, तर मी नस्तीपासून म्हणेन. नंतर आमदारांकडे जाल तेव्हा तिच्या नकला बरोबर न्या. उपप्रश्न नेमका कोणता विचारायचा, हे त्यांनाही त्यातच सापडेल.