हे डे: मित्रयादी साफ केली आणि गाव जागं झालं

सहा वर्षं ‘हे डे’ खेळतेय. सुपरसेल कंपनीचा २०१२ सालचा शेतीचा मोबाइल गेम, मला शिकवला भाचीनं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा मंगळवार पेठेत बसून मी गव्हाची कापणी करते.

या गेमची खरी गंमत मित्रयादीत आहे. सफरचंदाचं झाड वाळलं की त्यावर मदतीची खूण लावायची. कुणी मित्र येऊन जगवतो आणि आणखी एक बहार मिळतो. बोटीतून पाठवायच्या मालाची खोकी भरायलाही मित्र मदत करतात. पण माझ्या यादीत ११२ नावं आणि झाडं तशीच वाळलेली! दिसेल त्याला मैत्री पाठवली होती, त्याचं हे फळ.

मग एका रविवारी रंकाळ्यावर बसून एकेकाच्या शेतावर जाऊन आले. कुणाच्या गेममधल्या दुकानात महिनोन्‌महिने तोच माल, कुणी पातळी ९ वरच थांबलेलं. एकेक नाव काढत गेले. भाचीच्या मैत्रिणीचं काढताना हात अडला, ती आता खेळत नाही तरी ठेवलं. उरली २६.

आता संध्याकाळपर्यंत झाडं हिरवी होतात. धान्याचं कोठार वाढवायला खिळे, स्क्रू लागतात, तेही ओळखीच्या दुकानात मिळतात. शेजारसंघ, म्हणजे गेममधला खेळाडूंचा गट, वेगळा, त्यात ३० जणच मावतात. आमचा तालमीच्या पोरांसारखा एकमेकांना धरून आहे.

पाचपैकी पाच तारे. नवीन असाल तर रोज येणाऱ्यांनाच जोडा, लय भारी गेम आहे.