हौदाच्या क्लोरीनसाठी: ब्लीचिंग पावडर की हायपो?

इंदुरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, मधला दिवस बोअरिंगवर निघतो. अशा मिश्र पाण्याच्या हौदावर डोसिंग पंप (मोजून थोडं थोडं द्रावण सोडणारा छोटा पंप) बसवला, की ब्लीचिंग पावडर कालवायची की हायपोचा, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचा, जार आणायचा, हा घोळ सुरू होतो. हिशेब दोन्हीकडे एकच: १०,००० लिटरला १ पीपीएम (लिटरला १ मिलिग्रॅम) क्लोरीन हवं तर १ टक्क्याचं १ लिटर द्रावण.

पावडर स्वस्त, आणि पोतं कोरडं व तोंड बांधलेलं असेल तर जारपेक्षा जास्त टिकते. ताज्या मालात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन धरलं, तर ५० लिटरच्या ड्रमला दीड किलो. पण तिच्यातला चुना विरघळत नाही. आधी थोड्या पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग बाकीचं पाणी, प्लास्टिकच्या दांड्याने ढवळणं, रात्रभर थांबणं, आणि सकाळी वरची निवळी तेवढी दुसऱ्या ड्रममध्ये. हा दुसरा ड्रमच बहुतेक ठिकाणी नसतो. मग फुटव्हॉल्व्ह (पंपाच्या ओढनळीचं ड्रममधलं टोक) तळाचा साका ओढतो, पंपातल्या व्हॉल्व्हच्या बॉलखाली चुन्याची कणी अडकते, पंप टकटक करत राहतो आणि हौदात थेंब जात नाही. ड्रमला वास येत असतो, त्यामुळे शंकाही येत नाही. पावडरीवरून मन उडालं ते इथेच.

हायपोत साका नसतो म्हणतात, तेही अर्धंच खरं. तो अल्कधर्मी, बोअरिंगच्या जड पाण्यात ओतला की पाणी दुधाळ होतं आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतं. फरक इतकाच, की पावडरीचा साका मालातच असतो, हा पाण्यातून येतो. १० टक्क्यांचा ५ लिटर हायपो ४५ लिटर सॉफ्टनरच्या (जडपणा काढणाऱ्या यंत्राच्या) किंवा आरओच्या पाण्यात मिसळला, तर ड्रम जवळजवळ स्वच्छ राहतो. इंजेक्शनच्या टोकाशी, म्हणजे द्रावण पाण्यात शिरतं तिथे, मात्र खपली धरतेच, तिथे जड पाणी भेटतं. महिन्याला तो भाग काढून भरपूर पाण्याने धुवावा, मगच उघड्यावर व्हिनेगरात बुडवावा. ड्रममध्ये किंवा जोडलेल्या लाइनमध्ये ॲसिड कधीही नाही. क्लोरीन वायू सुटतो.

हायपोची खोड म्हणजे मे महिना. गच्चीवरच्या जारचा जोर झपाट्याने उतरतो, आणि ताजा समजून घेतलेला मालही कधी कधी आधीच उतरलेला निघतो. सावलीत ठेवावा, आणला की लगेच पातळ करावा. पातळ द्रावण सावकाश उतरतं. नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरोस्कोपवर (क्लोरीन तपासायच्या किटवर) ०.२ पीपीएम दिसेनासं झालं, की पंपाचा स्ट्रोक (एका ठोक्याला जाणारं द्रावण) वाढवावा.

रोज ढवळायला, निवळी काढायला माणूस असेल तर पावडरही वाईट नाही. नसेल तर हायपोच बरा वाटतो. रोज २०,००० लिटर खर्च असेल तर १ पीपीएमने हा ड्रम २५ दिवस जातो. उन्हाळ्यात मात्र अर्धाच भरावा.