सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली भट्टीदुरुस्ती: चार बॅच वाया गेल्यावर सापडलेला माणूस

टॉवेल कारखान्यांच्या रांगेत अण्णांचं छोटं वर्कशॉप आहे. डाइंगवाल्यांचे हीटर आणि ड्रायर ही त्यांची रोजची कामं. आमच्या लॅबची मफल फर्नेस, म्हणजे पावडर भाजायची बंद विजेची भट्टी, मी तिथे नेली.

मी सल्फेटेड झिर्कोनिया बनवते, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारी आम्लधर्मी पावडर (उत्प्रेरक). झिर्कोनियम ऑक्सिक्लोराइडच्या द्रावणात अमोनिया थेंबाथेंबाने सोडायचा, साका क्लोराइड जाईपर्यंत धुवायचा, वाळवून त्यात सौम्य सल्फ्युरिक ॲसिड मुरवायचं आणि 600 अंशांना तीन तास भाजायचं. सगळी ताकद या भाजण्यात येते. कमी भाजलं तर सल्फेट पृष्ठभागावर नीट बसत नाही. 700 च्या वर गेलं की तेच सल्फेट गंधकाचे ऑक्साइड होऊन उडून जातं, स्फटिकांची हवी ती टेट्रागोनल रचनाही नको असलेली मोनोक्लिनिक व्हायला लागते. हाती उरते नुसती पांढरी पावडर.

माझ्या चार बॅच अशाच गेल्या. पावडर घालून ॲसिटिक ॲसिड आणि ब्यूटॅनॉल तासन्‌तास उकळूनही, उरलेलं ॲसिड मोजायच्या टायट्रेशनला जवळपास सुरुवातीइतकंच कॉस्टिक लागायचं, म्हणजे क्रिया जवळपास झालेलीच नसायची. मी धुण्याला दोष देत राहिले. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी भट्टी न बघता, फोनवरच कंट्रोलर (तापमान राखणारा भाग) बदलायला सांगितलं.

अण्णांनी कंट्रोलरला हातच लावला नाही. स्वतःचं के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) दाराच्या भोकातून, मी क्रुसिबल ठेवते बरोबर तिथवर सोडलं. बाहेर आकडा 600, आत 715! "ताई, तुमच्या थर्मोकपलचं टोक मागं विटंत सरकलंय. ते विटंचं टेंपरेचर सांगतंय, पावडरीचं नाही." टोक पुढे घेतलं, सिरॅमिक नळी नवी घातली, आणि माझ्यासमोर तीन तास भट्टी चालवून दर पंधरा मिनिटांनी आकडा वहीत उतरवला. फरक पाच अंशांच्या आत. इतकं मन लावून काम करणारा माणूस मला या धावपळीत दुसरा भेटला नाही.

त्याच साक्याची राखून ठेवलेली पावडर परवा भाजली. प्रयोगानंतर फ्लास्क उघडताच पिकल्या केळ्यासारखा वास आला, ब्यूटाइल ॲसिटेटचा. टायट्रेशनला निम्म्याहून कमी कॉस्टिकमध्ये गुलाबी रंग, म्हणजे ॲसिड संपल्याची खूण! मी ब्यूरेट दोनदा वाचलं.

अडचणी सांगते. मोजमापाचं अधिकृत (एनएबीएल) प्रमाणपत्र इथे मिळत नाही. भट्टी न्यायला-आणायला छोटा हत्ती आपणच करायचा. दुपारी फोन उचलत नाहीत, त्यामुळे सकाळी दहाच्या आत गाठा. आणि आपलं क्रुसिबल सोबत न्या, अण्णा नेमकं त्याच जागी तापमान मोजून देतात.