एनवाइपनं जुन्या डिस्क पुसल्या : ८ महिन्यांनंतरचा अनुभव

पंधरा वर्षांत लॅपटॉप बदलले, कॉम्प्युटर बदलले आणि दर वेळी आतली डिस्क काढून 'नंतर बघू' म्हणत एका खोक्यात टाकली. ८ महिन्यांपूर्वी ते खोकं उघडलं तेव्हा आतून १६ हार्ड डिस्क, ४ साटा एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर मजकूर ठेवणाऱ्या, केबलनं जोडायच्या), २ एनव्हीएमई एसएसडी (थेट मदरबोर्डच्या खाचेत बसणाऱ्या) आणि ५ पेनड्राइव्ह निघाले. एकूण २७ नग. चालू आहेत ते कुणाला तरी द्यायचे, बाकीचे ई-कचऱ्यात, असं ठरलं. अडलं ते आतल्या मजकुरापाशी. ओळखपत्रांचे स्कॅन, पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंट, ब्राउझरनं इमानेइतबारे जपलेले पासवर्ड.

'फॉरमॅट मारलाय की' हे मीही वर्षानुवर्षं म्हणत आलो. म्हणून आधी घरच्या घरी परीक्षा घेतली. कधीकाळी क्विक फॉरमॅट करून ठेवलेल्या एका डिस्कवर फोटोरेक हा पुसलेल्या फाइली शोधून काढणारा प्रोग्रॅम चालवला. तासाभरात फोटो आणि पीडीएफची रांग लागली, त्यात माझ्या सहीचा एक करारही. क्विक फॉरमॅटनं नोंदवही कोरी होते, गोदामातला माल हलत नाही. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलट या दोघांनी वापरलेल्या १५८ डिस्क विकत घेऊन केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांना त्या डिस्कवर ५,००० हून जास्त क्रेडिट कार्ड नंबर सापडले होते. आपली डिस्क त्यांच्या हाती लागली नाही एवढंच.

हत्यार म्हणून निवडलं एनवाइप, अख्ख्या डिस्कवर वरून लिहून जुना मजकूर पुसणारा प्रोग्रॅम. पूर्वी डीबॅन नावाचा प्रोग्रॅम सगळे वापरायचे. त्याचं काम २०१५ नंतर थांबलं. त्याच्याच पोटातून एनवाइप निघालं. ते श्रेडओएस नावाच्या छोट्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मिळतं. पेनड्राइव्हवर टाकायचं, त्यावरून कॉम्प्युटर सुरू करायचा की थेट डिस्कची यादी समोर. स्पेसबारनं डिस्क निवडायची, 'एम' दाबून पद्धत, 'व्ही' दाबून पडताळणी ठरवायची आणि कॅपिटल 'एस'. बस्स. माऊस नाही, रंगरंगोटी नाही. 'एस' कॅपिटल ठेवणाऱ्याचं मला मनापासून कौतुक आहे. का, ते पुढे येईल.

पहिला प्रश्न किती फेऱ्यांचा, म्हणजे अख्खी डिस्क वरून किती वेळा लिहून काढायची याचा. माझ्या आवृत्तीत तीन फेऱ्यांची अमेरिकी संरक्षण खात्याच्या नावाची पद्धत आधीच निवडलेली होती. यादीत ३५ फेऱ्यांची गुटमान पद्धतही आहे. पीटर गुटमान यांनी १९९६ साली ती मांडली ती त्या काळच्या आणि त्याआधीच्या डिस्कवर बिट लिहिण्याच्या निरनिराळ्या पद्धती डोळ्यांसमोर ठेवून. आजच्या डिस्कवर ३५ फेऱ्या करण्यात अर्थ नाही, हे त्यांनीच नंतर लिहून टाकलं. तरी लोक अजून रात्रंदिवस ३५ फेऱ्या मारत बसतात. मी पहिल्या दोन डिस्कवर तीन फेऱ्या केल्या, मग शहाणा झालो. आता एक फेरी आणि नंतर वाचून पडताळणी. माझ्या मते जास्तीच्या दोन फेऱ्यांपेक्षा ती एक पडताळणी मोलाची, कारण डिस्क पुसली गेली नाही तर ते फेऱ्या मोजून कळत नाही, वाचून कळतं.

वेळेचा अंदाज हवा असेल तर माझ्या १ टीबीच्या हार्ड डिस्कला थेट साटा केबलवर एका फेरीला अडीच तास लागले, पडताळणीसकट पाच. तीच डिस्क जुन्या यूएसबी २.० च्या डबीतून केली तर नुसत्या फेरीलाच आठ तासांच्या वर. सुरुवातीला वेग सेकंदाला १५० एमबीच्या आसपास दिसतो आणि शेवटाकडे निम्म्यावर येतो. घाबरायचं कारण नाही. तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका गिरकीत जास्त मजकूर मावतो, आत कमी. उरलेला वेळ मात्र एनवाइप सुरुवातीच्या वेगावरून सांगतं, त्यामुळे त्यावर विसंबून झोपायची वेळ ठरवू नका.

आता कॅपिटल 'एस'ची गोष्ट. तिसऱ्या महिन्यात एकाच मॉडेलच्या दोन डिस्क जोडलेल्या होत्या. एक पुसायची, दुसरी बॅकअपची. यादीत सिरियल नंबर दिसत होता, शिफ्ट धरून 'एस' दाबण्याआधी तो वाचायला क्षणभर मिळालाही, पण मी तो वाचला नाही. चूक संपूर्ण माझी. सात-आठ सेकंदांत लक्षात आलं आणि थांबवलं, पण तेवढ्यात डिस्कच्या सुरुवातीचा जवळपास १ जीबी भाग गेला होता. नशीब एवढंच की जीपीटी पार्टिशन टेबलची, म्हणजे डिस्कच्या विभागांच्या नकाशाची, दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते आणि एनटीएफएस या विंडोजच्या फाइल मांडणीच्या बूट सेक्टरची, म्हणजे तिच्या पहिल्या कप्प्याची, प्रत पार्टिशनच्या शेवटी. टेस्टडिस्क या डिस्क सावरणाऱ्या प्रोग्रॅमनं त्या दोन्हींवरून बरंचसं उभं केलं. तेव्हापासून पुसायची डिस्क सोडून बाकी सगळ्यांच्या केबल काढतो. अगदी सगळ्यांच्या. आणि सिरियल नंबर कागदावर लिहून यादीशी ताडून पाहतो.

१६ पैकी १३ हार्ड डिस्क अशा बिनतक्रार झाल्या. एनवाइपमध्ये लपवलेला भाग, म्हणजे एचपीए, आहे का हे दाखवणारा रकाना आहे. माझ्या एका जुन्या लॅपटॉपच्या डिस्कवर तो निघाला, हा माझ्यासाठी धडा होता. उत्पादकानं ऑपरेटिंग सिस्टिमच्या नजरेआड ठेवलेली ही जागा साध्या फॉरमॅटच्या वाटेला जातच नाही. दुसरी पळवाट खराब सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या छोट्या कप्प्यांची. डिस्क एखादा सेक्टर बाद ठरवून त्याच्या जागी राखीव सेक्टर वापरू लागली, की जुन्या सेक्टरमधला मजकूर तिथंच राहतो आणि कुठलाही पुसणारा प्रोग्रॅम त्याला शिवू शकत नाही. त्यासाठी डिस्कच्या स्वतःच्या फर्मवेअरला, म्हणजे तिच्या आतच बसवलेल्या प्रोग्रॅमला, सांगावं लागतं. त्याला एटीए सिक्युअर इरेझ म्हणतात. त्याचा 'एन्हान्स्ड' प्रकार बाद सेक्टरही धुऊन काढण्यासाठी आहे.

हे काम मी लिनक्सच्या एचडीपार्म कमांडनं केलं आणि त्यात पहिला दिवस वाया गेला. डिस्क 'फ्रोझन' आहे म्हणून नकार. बरेचसे बायोस (कॉम्प्युटर चालू होताच सगळ्यात आधी धावणारा प्रोग्रॅम) सुरू होताना डिस्कच्या सुरक्षा कमांड गोठवून ठेवतात, व्हायरसनं त्या वापरू नयेत म्हणून. तोडगा ऐकून हसू येईल. कॉम्प्युटर झोपवायचा आणि जागा करायचा. जागा झाला की डिस्क ऐकते. मग पुसण्याची कमांड देण्याआधी डिस्कला तात्पुरता पासवर्ड द्यावा लागतो. तो एका अक्षराचा ठेवा आणि तरीही कागदावर लिहा. माझ्याकडून मध्येच केबल निघाली तेव्हा डिस्क कुलूपबंद झाली होती. पासवर्ड लिहिलेला नसता तर ती पुसलेलीही नाही आणि वापरण्याजोगीही नाही, अशी त्रिशंकू राहिली असती.

एसएसडीच्या बाबतीत एनवाइपचा मी एकच उपयोग सांगेन: फर्मवेअरच्या कमांडनंतरचा जोडकामगार. एकट्यानं त्याच्या जिवावर एसएसडी पुसू नका. फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर पुन्हा लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, म्हणून कंट्रोलर, म्हणजे एसएसडीचा कारभार पाहणारी चिप, नवा मजकूर दुसरीकडे लिहितो आणि जुना 'सवडीनं पुसू' म्हणून सोडतो. शिवाय सगळ्या पेशींची झीज सारखी व्हावी म्हणून जागा सतत बदलतो आणि काही राखीव जागा आपल्याला दाखवतच नाही. तुम्ही वरून कितीही शून्यं ओता, खाली काय उरलं ते कंट्रोलरलाच ठाऊक.

माझ्या चार साटा एसएसडींपैकी एकीवर आधी मी एक ओळखीची ओळ भरभरून लिहून ठेवली आणि मग सिक्युअर इरेझ दिलं. क्षणात 'यशस्वी'. वाचून पाहिलं तर ती ओळ जागोजागी शाबूत! दोष एसएसडीचा नव्हता. ती मी यूएसबी अडॅप्टरनं जोडली होती आणि त्या अडॅप्टरच्या चिपनं कमांड गिळून खोटंच 'झालं' सांगितलं. मदरबोर्डवर थेट जोडल्यावर खरोखर झालं. पडताळणीचा आग्रह मी का धरतो, ते यावरून कळेल. अर्थात एसएसडीवर वाचून पाहणं हाही अर्धाच पुरावा. पुसलेली म्हणून नोंदलेली जागा वाचायला गेलं की बऱ्याच कंट्रोलरकडून शून्यं मिळतात, आतल्या चिपमध्ये काहीही असो. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी एसएसडीच्या चिपवरचा मजकूर थेट वाचून पाहिला होता. पुसण्याची अंगभूत सोय असलेल्या काही एसएसडींना ते काम धड जमत नव्हतं आणि एकीनं तर यश कळवूनही सगळा मजकूर जसाच्या तसा ठेवला होता.

एनव्हीएमईचं काम त्या मानानं सुखाचं. एनव्हीएमई-सीएलआय या साधनातून फॉरमॅट कमांड द्यायची आणि त्यात मजकूर पुसायचा की एन्क्रिप्शनची किल्ली नष्ट करायची ते निवडायचं. नव्या डिस्कमध्ये सॅनिटाइझ ही जास्त खात्रीची कमांडही असते, ती २०१७ च्या एनव्हीएमई १.३ पासून आली. माझ्या दोनपैकी एकीत होती. किल्ली नष्ट करायला काही सेकंद लागले, आणि इतक्या लवकर झालं म्हणून माझाच विश्वास बसेना. पण आत सगळं आधीपासून एन्क्रिप्ट होत असेल तर किल्ली गेल्यावर उरतो तो नुसता कचरा.

पेनड्राइव्हसाठी असली काही सोय नाही. पूर्ण क्षमतेनं दोनदा भरून पुसले आणि तरी ते कुणाला दिले नाहीत. पक्कडीनं चिपचे तुकडे केले.

उरलेल्या तीन हार्ड डिस्क मेलेल्या किंवा मरणपंथावर. एकीवर एनवाइप सेकंदाला काही केबीवर आलं आणि उरलेला वेळ महिन्यांत दाखवू लागलं. तिथं ड्रिल. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमध्ये तबकडी बरेचदा काचेची असते. भोक पाडताच ती आत चक्काचूर झाली, हलवली की खुळखुळ्यासारखी वाजते. गॉगल आणि मास्कशिवाय हे करू नका. साडेतीन इंची डिस्कची तबकडी सहसा ॲल्युमिनियमची. ती फुटत नाही, त्यामुळे उघडून, भोकं पाडून वाकवली. एसएसडीला भोक पाडणार असाल तर आधी उघडा. माझ्या एकीत सर्किट बोर्ड डबीच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच होता. मधोमध भोक पाडलं असतं तर हवेला पडलं असतं. घरातल्या लोहचुंबकाचा कशावरच परिणाम होत नाही, तो नाद सोडा.

एनवाइपबद्दल तक्रारी आहेत. यूएसबी अडॅप्टरमागच्या डिस्कचा सिरियल नंबर कधीकधी दिसत नाही, आणि नेमका तिथंच तो हवा असतो. समोर एसएसडी आहे म्हणून अडवणारी ठळक सूचना मला दिसली नाही. पण एका वेळी चार डिस्क लावून रात्रभर सोडलं, सकाळी प्रत्येकीचं तापमान आणि चुकांची संख्या समोर, शिवाय पेनड्राइव्हवर पीडीएफ प्रमाणपत्र. डिस्क दुसऱ्याला देताना तो कागद सोबत दिला. ज्यांना लिनक्सच्या वाटेला जायचं नाही त्यांनी हार्ड डिस्कसाठी विंडोजमधलं डिस्कपार्ट उघडून 'क्लीन ऑल' द्यावं, तेही सगळीकडे शून्यं लिहितं. तिथंही डिस्कचा क्रमांक दोनदा वाचा.

खोक्यात आता एकच डिस्क उरली आहे. झाकणाच्या टॉर्क्स स्क्रूंपैकी एकाचं डोकं माझ्याच हातून झिजलं, त्यामुळे ती उघडत नाही आणि ड्रिलचं पातं परवाच मोडलं.