ॲक्सल-बॅक की कॅट-बॅक? एमएक्स-5 चा एक्झॉस्ट निवडताना

चौथ्या पिढीच्या माझदा एमएक्स-5 या उघडत्या टपाच्या दोन आसनी गाडीचा एक्झॉस्ट बदलायचाच, असं एकदा मनाने घेतलं की पर्यायांची यादी भराभर आखूड होते. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर (कॅट) उडवणं बाद, कारण बहुतेक देशांत ते बेकायदा आहे आणि टप उघडून बसल्यावर न जळलेल्या पेट्रोलचा वास नाकात घेण्यात काही मजाही नाही. सायलेन्सर काढून नुसती नळी ठोकणंही बाद. उरतात दोन गोष्टी, फक्त मागचा सायलेन्सर बदलणारा ॲक्सल-बॅक किंवा मधल्या पाइपसकट कॅटच्या मागचं सगळं बदलणारा कॅट-बॅक. माझ्या गाडीवर (2 लिटर, सहा-स्पीड मॅन्युअल) आधी पहिला होता, आता दुसरा आहे. दोन्ही चांगल्या प्रतीचे, दोन्ही स्टेनलेस स्टीलचे, म्हणून बनावटीतला फरक बाजूला ठेवून बोलता येईल.

ताकदीचा विषय आधीच मिटवून टाकतो. हे इंजिन कारखान्यातूनच 4-2-1 हेडर (सिलिंडरच्या चार नळ्या आधी दोनांत, मग एकीत जोडणारी रचना) घेऊन येतं, कॉम्प्रेशन 13:1 आहे, टर्बो नाही. कॅटच्या मागे कितीही चकचकीत पाइप लावले तरी पेडलखाली जाणवेल असं फारसं काही मिळत नाही. मला दोन्ही वेळा गाडी थोडी मोकळी झाल्यासारखी वाटली, पण कानाला आवडलं की पायालाही आवडतं, त्यामुळे त्या वाटण्यावर मी भर देणार नाही. नळीच्या व्यासाचंही तेच. या इंजिनाला 60-63 मिलिमीटरच्या पुढे जाण्याचं कारण मला दिसत नाही. 76 ची नळी टर्बोवाल्यांसाठी ठीक आहे, इथे ती आवाजच वाढवते. तेव्हा निवड करायची ती आवाजावरून आणि वजनावरून.

ॲक्सल-बॅकबद्दल चांगलं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. बसवणं सोपं. गाडी स्टँडवर घ्या, फ्लँजचे बोल्ट सोडा, रबरी हँगरवर साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे मारा, जुना सायलेन्सर ओढून काढा, नवीन गॅस्केट घालून नवा चढवा. दुपारी सुरू केलंत तर चहाच्या वेळेपर्यंत गाडी खाली. मूळ सायलेन्सर कोपऱ्यात ठेवून द्यायचा, गाडी विकताना परत लावायचा. वजनही मागच्या टोकाकडून कमी होतं, आणि हजार किलोंच्या आसपासच्या गाडीत शेपटाकडचं वजन गेलेलं मला तरी आवडतं.

आणि आवाज! चार हजार आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) पुढे तो खरोखर सुंदर होता. या चार सिलिंडरला मूळ सायलेन्सरमधून जो थोडा दबलेला, घशातला आवाज येतो, तो मोकळा झाला. 2018 च्या सुधारणेनंतर 2 लिटर इंजिनाची रेडलाइन, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा, 6,800 वरून 7,500 वर गेली, आणि त्या शेवटच्या हजारात ॲक्सल-बॅक जे काही गातो त्याला तोड नाही. तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना पेडल पूर्ण दाबलं की अंगावर रोमांच उभे राहायचे. कॅट-बॅक ऐकतानाही मला त्या आवाजाची आठवण होते, हे आधीच सांगून ठेवतो.

मग बदलला का? घुमाऱ्यामुळे, ज्याला सगळे ड्रोन म्हणतात त्यामुळे.

टप बंद, सहावा गिअर, हायवेला लागलेलो. ताशी 95 पर्यंत सगळं ठीक. शंभराच्या जवळ काटा आला की केबिनमध्ये काहीतरी भरून येतं. तो आवाज मोठा नसतो, म्हणून आधी लक्षातही येत नाही. कानांवर आतून कोणीतरी हलका दाब देतंय असं वाटतं. आरशातलं प्रतिबिंब किंचित थरथरतं. शेजारी बसलेलं माणूस बोलत असतं, त्याचे शब्द कळतात, पण आपण उत्तर द्यायला कंटाळतो. ताशी 115 च्या पुढे गेलं की तो विरतो, म्हणून नकळत वेग वाढवला जातो. मग मर्यादेची पाटी दिसते, पाय उचलायचा आणि पुन्हा त्याच पट्ट्यात येऊन बसायचं. हलका चढ असेल तर आणखी वाईट, कारण पेडलवर थोडा भार देऊन तोच वेग राखावा लागतो आणि अशा अर्धवट भारावरच तो सगळ्यात जास्त घुमतो. तासाभराच्या प्रवासानंतर डोकं जड व्हायचं. बायकोने तक्रार केली नाही, पण लांब जायचं असलं की ती दुसऱ्या गाडीची किल्ली उचलायला लागली. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

हे माझ्याच कानांचे चोचले आहेत का, हे तपासायला थोडं गणित केलं. फोर-स्ट्रोक चार सिलिंडर इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा पेटतं. म्हणजे आरपीएमला तिसाने भागलं की एक्झॉस्टच्या ठोक्यांची वारंवारिता हर्ट्झमध्ये मिळते. या गाडीचा सहावा गिअर थेट 1:1 आहे आणि फायनल ड्राइव्ह (चाकांआधीचं शेवटचं गिअर गुणोत्तर) 2.866. सतरा इंची चाकांवर ताशी 100 ला इंजिन साधारण 2,450 वर फिरतं, म्हणजे सुमारे 82 हर्ट्झ. ताशी 110 ला नव्वदच्या आसपास. एवढ्या लहान बंद केबिनमधली हवा आणि भोवतीचे पत्रे नेमके अशाच खोल सुरांना साथ देतात. सहा सिलिंडरवाल्यांना आरपीएम विसाने भागावं लागतं, व्ही-8 वाल्यांना पंधराने, त्यामुळे त्यांचा घुमारा वेगळ्या आरपीएमला सापडतो. आपल्या गाडीत तो बरोब्बर हायवेच्या वेगावर येऊन बसला आहे. सहावा गिअर आणखी उंच असता तर हा लेख कदाचित लिहावा लागला नसता. पण तोच थेट सहावा गिअर गाडीला ओव्हरटेक करताना इतकी जिवंत ठेवतो की मी त्याला दोष देणार नाही.

यामुळेच इंटरनेटवरच्या आवाजाच्या व्हिडिओंवर विसंबून निवड करू नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे. फोनचा लहानसा स्पीकर 80 हर्ट्झ जवळजवळ ऐकवतच नाही. रेकॉर्ड करताना फोन आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो ते वेगळंच. शिवाय बहुतेक व्हिडिओ गाडीच्या मागे उभं राहून काढलेले असतात, न्यूट्रलमध्ये रेव्ह मारत. भार नसलेलं इंजिन घुमत नाही. तुम्ही जे ऐकता तो फटाका, आणि तुम्हाला रोज सोबत करायची ती वात.

आता कॅट-बॅककडे. इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे, कारण खरेदीदारांचा बहुधा इथेच गोंधळ होतो. मधल्या पाइपवर रेझोनेटर (आवाज शोषणारा छोटा डबा) आहे म्हणजे घुमारा जाणार, असं सर्रास धरलं जातं. बहुतेक रेझोनेटर म्हणजे आरपार भोकांची नळी आणि तिच्याभोवती काचतंतूंचं पॅकिंग. ते वरच्या पट्टीतला कर्कशपणा शोषून घेतं. पत्रा फाटल्यासारखा जो आवाज पाच हजारांवर येतो, त्यावर ते उत्तम औषध आहे. 80-90 हर्ट्झच्या लांबलचक लाटेला ते फारसं अडवू शकत नाही. त्या लाटेसाठी लागते मुख्य पाइपला जोडलेली, दुसऱ्या टोकाला बंद असलेली आडनळी. लाट तिच्यात शिरते, बंद टोकावर आपटून परतते, आणि परत येईपर्यंत मुख्य लाटेच्या बरोबर उलट्या पायरीवर असते. दोघी एकमेकींना पुसून टाकतात. नळीची लांबी हव्या त्या लाटेच्या चतुर्थांशाएवढी असावी लागते. एक्झॉस्टचा वायू दोन-सव्वादोनशे अंशांवर असेल तर त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 450 मीटर पडतो, म्हणजे 85 हर्ट्झसाठी नळी सुमारे 1.3 मीटर हवी. एवढी नळी लपवायला जागा नसते, म्हणून ती मुख्य पाइपला समांतर वाकवून नेलेली दिसते. गाडीखाली वाकून पाहिलं की ओळखता येते: एक पाइप कुठेच न जाणारा.

माझ्या कॅट-बॅकमध्ये रेझोनेटरही आहे आणि ही आडनळीही. शंभर ते एकशेदहाच्या पट्ट्यात आता टायरचा आणि वाऱ्याचा आवाज आधी ऐकू येतो. पूर्ण शांतता नाही, मूळ सायलेन्सरपेक्षा गाडी नक्कीच बोलकी आहे, पण कानांवरचा तो दाब गेला. सकाळी थंड गाडी काढली की पहिली काही मिनिटं थोडं घुमतं. वायू अजून तापलेला नसतो, त्यात ध्वनी हळू जातो, आणि मग तीच नळी खालच्या सुराला जुळते. गाडी गरम झाली की ते जातं.

याची किंमत मोजावी लागते, आणि पैसे त्यातला एकच भाग. कॅट-बॅक बसवणं हे ॲक्सल-बॅकसारखं दुपारचं काम नाही. जुन्या गाडीत कॅटच्या मागचे स्टड गंजून बसलेले असतात, त्यांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तरी एखादा तुटतोच. सगळे सांधे आधी सैल ठेवायचे, पाइप मध्यभागी आणायचा, टेलपाइप बंपरच्या कापाशी समांतर करायचा आणि मग पुढून मागे घट्ट करत जायचं. पहिल्यांदा गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा एकदा पाना फिरवायचा. वजनातही फायदा कमी, कारण ती आडनळी आणि रेझोनेटर काही हवेचे बनलेले नाहीत.

आणि आवाजात तो शेवटचा तिखटपणा नाही. सहा हजारांच्या वर ॲक्सल-बॅक ओरडायचा, हा भरदार आवाजात बोलतो. काही मित्रांना हाच जास्त आवडतो, एकाला तो फार सभ्य वाटतो. दोघांचंही खरं आहे असं मला वाटतं. मला स्वतःला रोजच्या शंभर किलोमीटरपैकी सहा हजारांवर किती मीटर जातात ते माहीत आहे, म्हणून माझं पारडं झुकलेलं आहे.

अपवादही तितक्याच मनापासून सांगतो. तुमची गाडी उन्हाळ्यातल्या रविवारची असेल आणि टप कायम उघडा असेल, तर वरचा अर्धा लेख तुमच्यासाठी नाही. टप उघडला की बंद पेटीच राहत नाही, आणि ॲक्सल-बॅकचा घुमारा जवळजवळ नाहीसा होतो. मीही उघड्या टपाने जायचो तेव्हा मला त्यात खोट सापडली नव्हती. घाटरस्ते, दुसरा-तिसरा गिअर, उघडं आकाश, असाच तुमचा वापर असेल तर तोच घ्या आणि वाचलेल्या पैशांचे चांगले टायर घ्या. ट्रॅकवर जाणार असाल तर मात्र तिथली आवाजाची मर्यादा आधी विचारा. उभ्या गाडीची चाचणी टेलपाइपपासून अर्ध्या मीटरवर, 45 अंशांच्या कोनात माइक ठेवून करतात, आणि काही ट्रॅक फार कडक असतात.

धातूबद्दल थोडंसं. टायटॅनियमची घनता स्टीलच्या निम्म्याहून थोडी जास्त, त्यामुळे वजन खरंच घटतं, आणि गरम होऊन चढणारा निळा-जांभळा रंग देखणा दिसतो. पण पातळ पत्र्यामुळे आवाज जरा टणटणीत होतो, निदान मला तसा लागला. स्टेनलेस घेताना ते 304 प्रतीचं आहे की 409, हे विचारा. 409 मध्ये क्रोमियम अकराएक टक्केच, त्यावर तपकिरी गंज चढतो. लोहचुंबक घेऊन जा. 409 ला तो घट्ट चिकटतो, 304 ला जवळपास नाही.

व्हॉल्व्हवाले एक्झॉस्ट, म्हणजे आतला पडदा उघडून-मिटून आवाज कमी-जास्त करणारे, दोन्हींचा सुवर्णमध्य वाटतात, आणि काहींच्या बाबतीत असतीलही. मी ते स्वतः बाळगलेले नाहीत, थोडंफार चालवले आहेत. बंद स्थितीत आवाज छान दबतो, पण एवढ्या साध्या गाडीला आणखी एक मोटर आणि उष्णतेत फिरणारा एक पडदा लावावा असं मला वाटलं नाही.

ठरवण्याआधी एक करा. ज्याच्याकडे तो एक्झॉस्ट आहे त्याला गाठा आणि शेजारच्या सीटवर बसा. टप लावून घ्या, काचा वर. त्याला सहाव्या गिअरमध्ये 2,400 ते 2,800 च्या पट्ट्यात, शक्यतो हलक्या चढावर, दहा-पंधरा मिनिटं एकसारखं चालवायला सांगा. रेव्ह मारून दाखवायची त्याला फार घाई असेल, ते शेवटी. पॅकिंग किती जुनं आहे तेही विचारा, कारण काचतंतू वर्षागणिक जळून बाहेर पडतात आणि जुना सायलेन्सर नव्यापेक्षा मोठ्याने बोलतो. त्या पंधरा मिनिटांत तुम्ही दोघं सहज गप्पा मारत राहिलात तर ॲक्सल-बॅक खुशाल घ्या. मध्येच दोघंही गप्प झालात, तर गाडीखाली वाकून तो कुठेच न जाणारा पाइप असलेला कॅट-बॅक शोधायला लागा.